कापणीआधीची हाक

माझ्या नणंदेला, कचोलोमला, दगडांना कान लावायची सवय होती. अगदी लहानपणापासूनची. माझे सासरे कथिलाच्या खाणीत कामाला होते आणि ही पोर खाणीबाहेरच्या ढिगाऱ्यावर बसून एक दगड दुसऱ्यावर आपटून बघायची. सासूबाई सांगायच्या, तिला बघायला आलेल्या पहिल्या मुलाला तिनं परसात नेलं, हातात दोन दगड दिले आणि विचारलं, यातला गोड कुठला वाजतो सांग. त्यानं दगड खाली ठेवले आणि न जेवताच निघून गेला. पुढे आणखी दोघं-तिघं आले, पण तोवर हिचीच हौस फिटली होती.

मी त्या घरात सून म्हणून आले तेव्हा ती जॉस शहरात शिकून तिथल्याच एका लहानशा संग्रहालयात लागली होती. जमिनीखालून जुन्या माणसांच्या वस्तू उकरायच्या आणि ती माणसं कशी जगली ते ओळखायचं, हे तिचं काम. सुट्टीत घरी यायची ती पिशवीत कपडे कमी आणि गोटे जास्त घेऊन. माझ्या धान्याच्या खोलीत तिचे गोल गोटे पसरलेले असायचे आणि शेरभर आचा, आमचं ते बारीक दाण्याचं धान्य, काढायला मला त्यांच्यावरून उड्या माराव्या लागायच्या. मी बोलायचे. मी काही तोंड शिवून बसणारी बाई नाही. माझा नवरा मध्ये पडायचा नाही, कारण बहीणही तिखट आणि बायकोही तिखट.

तिचा सगळा जीव अडकला होता तो वोलच्या टेकडीवरच्या दगडात. टेकडी आमच्या गावाच्या डोक्यावरच आहे. माथ्यावर एक लांबोडका काळा खडक दोन खडकांवर टेकून पडलाय, खालून पोकळ. त्याच्या पाठीवर वाटीएवढे खळगे आहेत. खळग्यात गोटा मारला की खडक वाजतो. दगडासारखा नाही, चर्चच्या घंटेसारखा वाजतो, आणि आवाज निवडुंगाची कुंपणं ओलांडून खाणीच्या डोहापलीकडच्या घरांपर्यंत जातो.

आता तो दगड केव्हाही वाजवायचा नसतो. आचा फुलोऱ्यावर आला की गावात सगळं वाजणं बंद होतं. ढोल नाही, गवताच्या काड्यांची वीणा नाही, लग्न नाही. एक नवा पाद्री आला होता, त्यानं आधी बराच त्रागा केला, मग तोही त्या दिवसांत ढोलाशिवाय प्रार्थना म्हणायला लागला. पीक पिकलं की टेकडीचे राखणदार दा बोत वर जातात आणि दगड वाजवतात. त्या शांततेनंतरचा तो पहिला आवाज म्हणजे कापणीची हाक. ऐकली की हातातलं काम टाकायचं, विळा उचलायचा आणि टेकडीखाली यायचं. दा बोत 'कापा' म्हणाले की सगळ्या खोऱ्यानं एकदम कापणीला लागायचं, आणि एकदा लागलं की शेत मोकळं होईपर्यंत थांबायचं नाही. एकाचं शेत मागे उभं राहिलं तर सगळे पक्षी आणि सगळी गुरं त्याच्यावरच पडतात, म्हणून ही रीत असेल. दगड बोलला की उभं पीक ठेवायचं नाही, एवढं आमच्याकडे लहान पोरालाही कळतं.

कचोलोमनं त्या दगडाच्या पायथ्याशी कित्येक उन्हाळे खणलं. मीही तिला मातीच्या पाट्या उचलू लागले, शिव्या देत का होईना. वरच्या थरात फुटकी मडकी, त्याखाली लोखंडाचा गंजका तुकडा, त्याखाली मडकंही नाही आणि लोखंडही नाही. तिथे फक्त दगडाची पाती, चुलीचा कोळसा आणि एका बाजूनं झिजलेले गोल गोटे. ते गोटे त्या खळग्यात नेमके बसायचे. तिनं कोळसा परदेशी तपासायला पाठवला. उत्तर आलं की तो हजारो वर्षांचा आहे, आमच्याकडे कुणी शेती करू लागायच्याही आधीचा.

त्या दिवशी ती माझ्या चुलीपाशी बसून लहान मुलीसारखी बोलत सुटली. म्हणाली, लोकांना वाटतं आधी माणसाचं पोट भरलं, मग गाव वसलं आणि मग कुणा रिकामटेकड्यानं गाणं काढलं. मला उलटं वाटतं. आधी कुणीतरी दगडावर दगड मारला, आवाज आला, तो ऐकून माणसं जमली. जमली म्हणून एकमेकांची झाली. गाव, शेत, देव हे सगळं त्यानंतरचं. मी तिला म्हटलं, हे सगळं खरं, पण तू आधी जेव. संग्रहालयातले तिचे साहेब लोकही माझ्यासारखंच 'खरं, पण' म्हणायचे, फक्त जेवायला घालायचे नाहीत. त्यांचं म्हणणं, गोटे झिजले हे कबूल, दगड वाजायचा हेही कबूल, पण तो ऐकून माणसं जमायची हे कशावरून?

मग खडीवाले आले. टेकडी फोडून तिची खडी करायची, रस्त्याला लागते. कंपनीचं नाव मी घेत नाही. सरकारकडून जवळजवळ मंजुरी झालीच होती, पण कचोलोम आडवी पडली. कायद्यात एक वाट होती. जुन्या काळाची जागा जर लोकांच्या आजच्या रीतीत जिवंत असेल, तर तिला सुरुंग लावता येत नाही. नुसती जुनी असून भागत नव्हतं, ती जिवंत आहे हे दाखवायला हवं होतं. तिच्याकडे मागच्या कापणीचं ध्वनिमुद्रण होतं, फोटो होते. कंपनीचे इंजिनिअर गोशित म्हणून होते, पठाराच्या पलीकडच्या बाजूचेच. ते म्हणाले, कुठलाही धोंडा बडवून आवाज भरता येतो आणि विळा घेतलेल्या बायका तर कापणीत सगळीकडेच दिसतात. खळगे म्हणजे धान्य वाटायच्या जागा आहेत, बाकी या मॅडमची कल्पना.

राजधानीहून एक अधिकारी स्वतः बघायला येणार असं ठरलं. कचोलोमनं कापणीनंतरची तारीख मागितली होती. कुणी काय हलवलं माहीत नाही, तारीख अलीकडे आली. आचा तेव्हा गुडघाभर आणि हिरवागार होता. दाणा चिमटीत दाबला तर दूध निघत होतं. कापणीला अजून तीन आठवडे तरी होते आणि गावात सगळं वाजणं बंद होतं.

ती आदल्या दिवशी संध्याकाळी दा बोतांच्या अंगणात जाऊन बसली. मीही गेले, कारण तिची मला भीती वाटायला लागली होती. तिचा चेहरा आजारी माणसासारखा झाला होता. दा बोतांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, पोरी, उद्या मी तुझ्याबरोबर वर येईन, त्या बाईंना सगळं सांगेन, पण वाजवणार नाही. तिनं मान हलवली. तिनं हट्ट केला नाही, एकदासुद्धा विचारलं नाही की हळूच वाजवू का. परत येताना एवढंच म्हणाली की न वाजणारा दगड उद्या कोण ऐकणार. मला तिच्यासाठी वाईट वाटलं आणि रागही आला. माणसानं एका दगडावर एवढा जीव टाकू नये.

दुसऱ्या दिवशी राजधानीच्या त्या अधिकारी, एकानेमबाई, आल्या. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. चढताना धापा टाकत होत्या पण कुणाचा हात घेतला नाही. बरोबर गोशितसाहेब आणि त्यांची दोन माणसं. मला कचोलोमनं पाण्याचे डबे आणि गोट्यांची पेटी उचलायला घेतलं होतं. मी शेतात तण काढत होते तिथूनच गेले, विळा कमरेला तसाच.

वर कचोलोमनं सगळं दाखवलं. खणलेले थर, कोळशाची जागा, गोटा खळग्यात कसा बसतो ते. गोटा ती खळग्यात इतक्या हलक्या हातानं ठेवत होती, जणू खाली मूल झोपलंय. बाई ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं की हे वाजतं तर वाजवून दाखवा.

दा बोत म्हणाले, आत्ता नाही, पीक उभं आहे.

बाई म्हणाल्या, मला आजच बघायचंय, या आठवड्यात हे काम मला संपवायचं आहे. त्यांचा आवाज कठोर नव्हता. पण त्या थांबणार नव्हत्या हेही दिसत होतं. कचोलोम म्हणाली, आज नाही वाजवता येणार. मी मागच्या वर्षीचा आवाज ऐकवते.

गोशितसाहेब हसले. "मॅडम, यांना भीती आहे की तो साध्या धोंड्यासारखा ठक्क वाजेल. म्हणून रीत आठवली."

त्यांनी पेटीतला एक गोटा उचलला. कचोलोम ओरडली नाही, पण तिचा आवाज असा निघाला की मी तो आधी कधी ऐकला नव्हता. "साहेब, ठेवा तो. खाली लोकांचं वर्षाचं अन्न उभं आहे. पाया पडते, ठेवा."

इथे मला एक सांगायचंच आहे. तिला गप्प बसता आलं असतं. तो वाजवणार आणि मग काय होणार हे आम्हा तिघांशिवाय तिथे कुणाला माहीत नव्हतं. तिला जे आयुष्यभर हवं होतं ते तो माणूस फुकट देत होता. तरी ती म्हणाली, ठेवा. मी तिला पुष्कळ नावं ठेवली आहेत, पण हे मी कुणालाही सांगते.

त्यांनी मारलाच. पहिला फटका ठक्क झाला, कारण खळगा चुकला होता. ते पुन्हा हसले आणि दुसरा मारला, तो नेमका बसला. आवाज उठला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. हसू विरलं. त्यांनी पुन्हा मारला, मग शेजारच्या खळग्यात, मग परत पहिल्यात. कुणी शिकवलं नव्हतं, पण ताल आपोआप धरला गेला. त्यांना थांबवेना. शेवटी कचोलोमनं त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं तेव्हा ते झोपेतून उठल्यासारखे तिच्याकडे बघायला लागले.

आवाज खाली गेला होता. आम्ही कड्यावर जाऊन उभे राहिलो. थोडा वेळ काहीच हललं नाही. मग डोहापलीकडे एक बाई बटाट्याच्या वाफ्यातून उठली. मग कुंपणांच्या फटींतून माणसं निघायला लागली, इकडून दोन, तिकडून चार. शाळा सुटायची वेळ नव्हती, तरी पोरं बाहेर आली, मागून मास्तर. मोटरसायकल दुरुस्त करणारा तेलकट हातानं, पाद्री गळ्यात चष्मा लटकवून, नुकती बाळंतीण झालेली शेजारीण बाळ पाठीशी बांधून. सगळ्यांच्या हातात विळे होते. कुणी काही विचारत नव्हतं. शेतं हिरवी आहेत हे त्यांना दिसत नव्हतं असं थोडंच आहे, तरी सगळी येत होती.

"यांना कुणी बोलावलं?" एकानेमबाईंनी विचारलं.

आम्ही खाली उतरलो. अख्खं खोरं टेकडीखाली उभं होतं आणि दा बोतांकडे बघत होतं. दा बोत आचाकडे बघत होते.

गोशितसाहेब आता घाबरले होते, पण हुशार माणूस होते. ते पुढे झाले आणि म्हणाले की मी फक्त तपासून बघितलं, यात यांची काही चूक नाही, दा बोत, तुम्ही सांगा यांना परत जा म्हणून. मग बाईंकडे वळून हळूच म्हणाले, "आणि मॅडम, हे परत गेले तर तेवढं लक्षात घ्या. एका शब्दात जे मोडतं, त्याला रीत म्हणायचं का?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "मला जे दिसेल तेच मी लिहीन. दोन्ही बाजूंनी."

सगळ्यांना कळलं. परत पाठवलं तर दगड नुसता दगड होणार आणि टेकडीची खडी होणार. कापा म्हटलं तर वर्षाचा आचा दूध भरलेला असतानाच आडवा होणार. दा बोतांनी वळून आपल्या घराकडे बघितलं. म्हातारा माणूस, त्याच्या घरात नऊ तोंडं.

कचोलोम त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "दा, परत पाठवा यांना. परक्या माणसानं वाजवला, आपल्यात तो धरत नाहीत म्हणा. टेकडी गेली तर जाऊ दे. पोरं काय खातील?"

तिनं हे सगळ्यांदेखत म्हटलं. ज्या दगडापायी तिनं लग्न केलं नाही, आईच्या शेवटच्या आजारात जी खड्ड्यात उतरून बसली होती, ती म्हणाली जाऊ दे. ती रडत नव्हती. मला वाटतं रडली असती तर मला एवढं लागलं नसतं.

दा बोत तरीही आचाकडेच बघत होते. पाठीवरचं बाळ तेवढं कुरकुरत होतं. मी माझ्या शेताकडे बघितलं, ते तिथून दगडफेकीच्या अंतरावर होतं. कोठीत मागच्या वर्षीचं एक पोतं, तेही अर्धं. मला दोन मुलगे, दोघंही खादाड. मी मनात हिशेब करून बघितला आणि तो कुठूनच जमेना.

पण मला एक गोष्ट आठवत होती. वर दगड वाजला तेव्हा मी तिथेच उभी होते, कोण वाजवतोय, का वाजवतोय, सगळं डोळ्यांनी बघत होते. तरी पहिल्या आवाजाला माझा हात कमरेच्या विळ्यावर गेला होता. मी नेला नव्हता, तो आपण गेला होता. खाली उभ्या असलेल्या प्रत्येकाचं तेच झालं असणार. आता हे खोटं होतं म्हणून घरी जायचं? मग उद्या खरी हाक आली तर कुठल्या तोंडानं यायचं? आणि दुसरं म्हणजे, त्या साहेबाचं ते हळूच बोलणं माझ्या डोक्यात गेलं होतं.

शेताच्या बांधावरून आत गेले, वाकले आणि पहिली मूठ धरून कापली. हिरव्या काड्या सुकलेल्यांसारख्या कापल्या जात नाहीत, विळ्याला ओढ द्यावी लागते. मुठीत चिरडलेल्या दाण्यांतून पांढरं दूध माझ्या बोटांवर आलं. दुसरी मूठ कापली. मागे कुणीच हललं नव्हतं, आणि एक क्षण मला वाटलं की मी एकटीच मूर्ख ठरणार.

मग शेजारच्या शेतात विळा फिरल्याचा आवाज आला. मग पलीकडे. मग दा बोतांचा आवाज आला, फाटका, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "कापा."

माझ्या बाजूला कुणीतरी वाकलं. कचोलोम होती. पाद्र्याचाच विळा मागून आणलेला. इतक्या वर्षांत तिनं विळा धरला नव्हता आणि शेंड्याशीच धरून तोडत होती.

"मुळाशी धर, ताई," मी म्हटलं. "दगड नाहीये तो."

"ल्योप, का केलंस हे?" ती म्हणाली. आता ती रडत होती.

"काप मुकाट्यानं. बोलायला लागलीस की हात थांबतो तुझा."

खोरं अंधार पडेपर्यंत कापत होतं. कापणीची गाणी असतात आमची, पण त्या दिवशी कुणी गायलं नाही. तरी विळे एका तालात पडत होते. एकानेमबाई बांधावर चपलांचा चिखल करून उभ्या होत्या. गोशितसाहेब गाडीत जाऊन बसले. बाईंनी जाताना माझ्या शेतातली एक काडी उचलली, दाणा चिमटीत दाबून बघितला आणि बोटं कपड्यांना पुसली.

टेकडी राहिली. सरकारी निकाल महिन्याभरानं आला, तोवर आमच्या शेळ्या हिरवा आचा खाऊन लठ्ठ झाल्या होत्या. त्या वर्षी आम्ही बटाटे खाल्ले, सकाळी बटाटे आणि संध्याकाळी बटाटे, आणि पाऊस परत येण्याआधीच्या दिवसांत तेही मोजून. बाळंतिणीचं दूध आटलं. तिचं बाळ वाचलं, पण वर्षभर अंगानं भरलं नाही. टेकडी वाचली म्हणून मी कधी नाचले नाही. कचोलोम दर आठवड्याला जॉसहून पाठीवर पोतं आणायची आणि माझ्याकडे न देता आधी बाळंतिणीच्या दारात ठेवायची.

पुढे तिला परदेशात, आक्राला, मोठ्या सभेत बोलायला बोलावलं. परत आल्यावर माझ्या चुलीपाशी बसून सांगत होती. तिचं बोलून झाल्यावर एका बुजुर्ग विद्वानानं उठून तोच जुना प्रश्न विचारला. आवाज ऐकून माणसं जमायची, एकमेकांची व्हायची, हे कशावरून? ती म्हणाली, मी पाहिलंय. त्यानं विचारलं, मग ते पुन्हा करून दाखवता येईल का? सगळी सभा हसली म्हणे. ती खाली बसली.

"तू असतीस तर काय म्हणाली असतीस, ल्योप?"

मी आचा पाखडत होते. नव्या वर्षाचा, पिकलेला, पिवळा. सुपातून उडालेला कोंडा खाली बसेपर्यंत मी थांबले.

"त्याला म्हणाले असते, दाखवते की. तू आधी एक शेत पेर."